फरक कोणाचा?

गेल्या महिन्यात मंडळातल्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांचा भाचा पुण्याहून येणार आहे, त्याला सुऱ्या जमवण्याचा नाद आहे, आणि अटलांटाचा ब्लेड शो त्याला काहीही करून बघायचाय. "तुम्ही लेकाबरोबर जाऊन आलायत ना? पहिल्यांदा जाणाऱ्याने काय लक्षात ठेवायचं ते जरा लिहून पाठवा." मी लगेच हो म्हटलं. दहा ओळींचं काम. नऊ ओळी एका बैठकीत झाल्या. दहावीपाशी मी अडले आणि महिनाभर तिथेच आहे.

आधी त्या नऊ ओळींबद्दल सांगते, कारण दहावी त्यांच्यातूनच निघाली.

ब्लेड शो 1982 पासून भरतो. आता तो दर जूनमध्ये शुक्रवार ते रविवार अटलांटात असतो. आम्ही गेलो तेव्हा तो कॉब गॅलेरिया सेंटरमध्ये होता. शेकडो टेबलं, आणि प्रत्येकावर पातीच पाती: शिकारीच्या सुऱ्या, स्वयंपाकाच्या सुऱ्या, खिशात मावणारे चाकू, कट्यारी. मोठ्या कंपन्याही असतात, पण खरी गर्दी दिसते ती स्वतःच्या भट्टीवर, स्वतःच्या हाताने पाती घडवणाऱ्यांच्या टेबलांभोवती. माझ्या वीस वर्षांच्या मुलाला त्यांच्यासाठीच जायचं होतं. उन्हाळ्याच्या नोकरीतून त्याने पाचशे डॉलर बाजूला टाकले होते. मी गेले ती खरं सांगायचं तर काळजीने. मुलगा शस्त्रांच्या बाजारात चाललाय म्हटल्यावर आईचं जे होतं ते.

पहिल्या चार ओळी साध्या आहेत. बूट आरामाचे घालावेत, कारण खाली काँक्रीट असतं आणि दिवसभर चालणं होतं. पहिली फेरी हात पाठीमागे बांधून मारावी, काहीही विकत न घेता. आवडलेल्या टेबलांचे नंबर लिहून ठेवावेत. पैसे ठरवून न्यावेत आणि शक्यतो रोख न्यावेत. विमानाने परत जायचं असेल तर घेतलेली सुरी नीट गुंडाळून चेक-इन सामानात टाकावी, हातातल्या बॅगेत राहिली तर विमानतळावर जाते.

पाचवी ओळ मी स्वतःच्या चुकीतून शिकले. गाडीतच मुलगा म्हणाला होता, "आई, तिथे काही उचलायचं असेल तर आधी विचार." मला राग आला. पस्तीस वर्षं विळी-सुरीवर काम केलेल्या बाईला हा सांगणार! दुसऱ्याच टेबलावर मी एक सुरी उचलली आणि घरी धार बघतो तसा अंगठा पात्यावरून आडवा फिरवला. टेबलामागचा माणूस काही बोलला नाही. त्याने हात पुढे केला, मी सुरी दिली, त्याने खिशातून मऊ फडकं काढलं आणि माझा अंगठा जिथून फिरला होता तिथून ते हळूच फिरवलं. मग सुरी जागेवर ठेवून माझ्याकडे बघून हसला. त्यापेक्षा तो रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याचं कारण मुलाने नंतर सांगितलं. यातली बरीच पाती साध्या कार्बन पोलादाची असतात, स्टेनलेसची नव्हेत. घामातल्या मिठाने बोटाचा ठसा दोन दिवसांत गंज होऊन उमटतो. पण मला बोचलं ते वेगळंच. आपल्याकडे तुळशीबागेत वस्तू मांडली म्हणजे ती हात लावण्यासाठीच मांडली, असं आपण धरतो. दाबून बघायचं, वाजवून बघायचं, नाक मुरडून खाली टाकायचं आणि पुढे जायचं. विकायला ठेवली म्हणजे अर्धी आपलीच झाली. तिथे मला पहिल्यांदा कळलं की विकायला ठेवलेली वस्तूही विकेपर्यंत पूर्ण त्याचीच असते.

सहावी ओळ: सुरी देताना मूठ समोरच्याकडे करावी, आणि तो "थँक यू" म्हणेपर्यंत सोडू नये. आमच्या घरी नियम याच्या उलट होता. आई सुरी, कात्री कधीच कोणाच्या हातात देत नसे. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. हातात दिली की भांडण होतं. भीती एकच, पण उपाय दोन. आपण तो क्षणच टाळतो, ते तो लांबवतात. एक क्षण दोघांचे हात एकाच सुरीवर असतात आणि दोघांनाही ते माहीत असतं. दिवसभरात मी तीस-चाळीस वेळा तरी अनोळखी माणसांकडून अशी सुरी घेतली आणि परत दिली. दुपारपर्यंत माझी मुलाबद्दलची काळजी बरीच उतरली होती. इतकी धार एका छपराखाली, आणि इतकी हळुवार वागणारी माणसं मी एरवी फक्त नवजात बाळांच्या वॉर्डात पाहिली आहेत.

सातवी: घडीचा चाकू उचलून फटाफट उघडझाप करू नये. आठवी: आपल्याला घ्यायचं नसेल आणि मागे कोणी पैसे घेऊन उभा असेल तर बाजूला व्हावं. नववी: "डमास्कस" हा शब्द दिसला की दोन प्रश्न विचारावेत, कोणतं पोलाद आणि कोणी घडवलं. टेबलांवर जी पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते ती बहुतेक वेळा दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकमेकांत ठोकून, मग आम्लात बुडवून आणलेली असते. ही कला अमेरिकेत पुन्हा रुजवली ती बिल मोरन यांनी. 1973 मध्ये त्यांनी अशी पाती लोकांसमोर मांडली. जुन्या काळच्या खऱ्या दमास्कस तलवारींचं पोलाद वेगळं. ते मुशीत बनलेलं वूट्झ, आणि ते दक्षिण भारतातून जायचं. भाच्याला हे ऐकून बरं वाटेल, म्हणून लिहिलं.

याच मोरन यांच्या पुढाकाराने 1976 मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी निघाली. त्यांची पहिली परीक्षा मुलाने मला एका टेबलापाशी उभं करून समजावून सांगितली. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने मोकळा लोंबकळणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग इमारतीच्या लाकडाचे दोन तुकडे करायचे, दोनदा. मग त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे. आणि शेवटी पातं शेगड्यात धरून नव्वद अंशांत वाकवायचं, तुटता कामा नये. म्हणजे जी सुरी परीक्षेत उतरते ती वाकडी होऊन संपते. टेबलावर विकायला असते ती तिची बहीण, जिने परीक्षा दिलेली नाही. आपण विकत घेतो तो करणाऱ्याचा शब्द. मला हे फार आवडलं, आणि दुपारी जे झालं त्यात मला हेच अडचणीचं झालं.

झालं असं. ज्यांना फार मागणी असते असे काही कारागीर पहिल्या येणाऱ्याला सुरी देत नाहीत, कारण मग लोक पहाटेपासून रांगा लावतात आणि दार उघडल्याबरोबर धावत सुटतात. लिलावही करत नाहीत. ते चिठ्ठ्या काढतात. नाव लिहून बरणीत टाकायचं, ठरलेल्या वेळी चिठ्ठी निघते, आणि ज्याचं नाव येईल त्याला टेबलावरच्या किमतीला सुरी घेण्याचा हक्क मिळतो. मुलाने चार बरण्यांत नाव टाकलं होतं. एकीत निघालं. चार इंच पात्याची, अक्रोडाच्या मुठीची सुरी, किंमत साडेचारशे डॉलर. कारागीर साठीचा असेल. त्याने सुरी फडक्याने पुसली, मूठ पुढे केली, मुलगा "थँक यू" म्हणाला. मी फोटो काढला, अर्थात विचारून.

हॉलच्या दारापाशी एका माणसाने आम्हाला थांबवलं. नीटनेटका, आदबशीर. चिठ्ठी काढताना तो गर्दीत होता. म्हणाला, "नऊशे देतो. आत्ता, रोख."

मी मुलाकडे पाहिलं. मला वाटलं, यात विचार कसला करायचा? पाच मिनिटांत साडेचारशे डॉलर. म्हणजे सदतीस हजार रुपयांच्या आसपास. पुढच्या सेमिस्टरची पुस्तकं निघाली असती. मुलगा म्हणाला, "एक मिनिट," आणि मला बाजूला घेऊन गेला.

तिथे खांबाला टेकून आम्ही मराठीत भांडलो. माझं म्हणणं असं: करणाऱ्याने जे मागितलं ते त्याला पूर्ण मिळालं. हा माणूस खुशीने देतोय. कोणाचंही नुकसान नाही. आणि त्या आजोबांना जास्त हवे होते तर त्यांनी जास्त मागायचे होते.

"जास्त मागितले असते तर ती मला मिळालीच नसती," तो म्हणाला. "त्यांनी किंमत मुद्दाम माझ्यासारख्याला परवडेल अशी ठेवलीय. पैसेवाल्यालाच द्यायची असती तर लिलाव केला असता. मी विकली तर सुरी शेवटी पैसेवाल्याकडेच जाणार. मग चिठ्ठी कशाची काढली त्यांनी? सुरी कोणाला मिळणार याची नाही, साडेचारशे डॉलर कोणाला मिळणार याची."

मला उत्तर सुचलं नाही. आठवला तो आमच्या लहानपणी टॉकीजबाहेर उभा राहणारा ब्लॅकवाला, तोंडातल्या तोंडात "दस का बीस" पुटपुटणारा. त्याच्याबद्दल आम्हाला कधी आदर वाटला नाही. पण त्यालाही पोरांच्या फिया असतील. त्याच्यात आणि आमच्यात फरक इतकाच, की त्याला तिकीट चिठ्ठीने लागलेलं नव्हतं, तो त्यासाठी रांगेत उभा राहिला होता. म्हणजे त्याचे निदान कष्ट तरी होते.

मी म्हटलं, "तू त्यांना काही वचन दिलेलं नाहीस."

"त्यांनी मागितलं नाही म्हणून," तो म्हणाला. "थांब, विचारूनच येतो."

आम्ही परत टेबलापाशी गेलो. मुलाने सगळं सरळ सांगितलं, आकड्यासकट. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. "आता ती तुझी आहे, बाळा," तो म्हणाला. "विचारायला आलास, आभारी आहे." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मला वाटलं, झालं, सुटलो. मुलाचा चेहरा मात्र आणखी उतरला. त्याला परवानगी मिळाली होती, पण तो परवानगी मागायला गेलाच नव्हता. कोणीतरी "नको" म्हणावं किंवा "अवश्य" म्हणावं, म्हणजे निर्णय आपला राहणार नाही, यासाठी तो गेला होता. त्या माणसाने निर्णयही मूठ पुढे करूनच परत दिला. दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थांना मुलगा "सॉरी" म्हणाला. तेही "नो प्रॉब्लेम" म्हणून दुसऱ्या कोणाच्या मागे गेले.

परतीच्या वाटेवर गाडीत मी गप्प होते. खरं सांगायचं तर चिडले होते. आणि तशी चिडलेली असताना, कुठून कोण जाणे, मला मिरज आठवली.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दरवर्षी घिसाड्यांची दोन-तीन बिऱ्हाडं उतरायची. पाल, गाढव, जमिनीत रोवलेली ऐरण, कातड्याचा भाता. मोटारीच्या तुटक्या कमानीचे पाटे तापवून ते कोयते, खुरपी, विळ्यांची पाती करायचे. पुरुष सांडशीत लोखंड धरायचा आणि बाई उभी राहून दोन्ही हातांनी घण घालायची. तेच पोलाद, तेच ठोकणं. अटलांटात एका कारागिराने मला अभिमानाने सांगितलं होतं की तो मोटारीच्या कमानीचं पोलाद वापरतो, कारण ते चिवट असतं. मी मान डोलावली होती. मला तेव्हा काहीच आठवलं नव्हतं.

आईला विळीचं पातं हवं होतं. घिसाड्याने पंचवीस रुपये सांगितले. आईने बारा म्हटले. मग नेहमीचं सगळं. आईने पातं उलटसुलट केलं, अंगठा आडवा फिरवला, "यात काय लोखंड आहे का?" म्हणाली, खाली टाकलं, चार पावलं निघून गेली, परत आली. शेवटी अठरा. त्या वेळी घण घालणारी बाई थांबली आणि नवऱ्याकडे बघून राहिली. काही बोलली नाही. त्याने मान खाली घालून "न्या" म्हटलं. वाटेत आई खूश होती. मीही. सात रुपये वाचले होते.

ते पातं आज माझ्या अटलांटातल्या घरात आहे. लग्नानंतर आईने विळी बॅगेत भरून दिली. पाट बदलला, पातं तेच. पस्तीस वर्षं मी त्यावर भाजी चिरतेय, आणि ते अजून वाकलेलं नाही.

मग तो सात रुपयांचा फरक कोणाचा?

घाईने आईला दोषी ठरवणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. पंचवीस हा आकडाही बहुधा घासाघीस धरूनच सांगितलेला होता. तो खेळ दोघांनाही माहीत होता. वडिलांच्या पगारात महिना भागवणाऱ्या आईला अठराही सहज देता येत नव्हते. परवा फोनवर मी तिला विचारलं, आठवतंय का? तिला लख्ख आठवत होतं. "अठरासुद्धा जड गेले होते गं तेव्हा," ती म्हणाली. मग थांबून, "पातं चालतंय ना अजून? मग चांगलंच दिलं होतं म्हणायचं त्याने."

तरी मला त्या दोन किमतींत एक भेद दिसतो आणि तो मी सोडू शकत नाही. अटलांटातल्या म्हाताऱ्याने साडेचारशे सांगितले तेव्हा तो नऊशेही सांगू शकत होता, आणि कोणालाही नको म्हणून सुरी घरी नेऊ शकत होता. त्याची कमी किंमत हा त्याचा शब्द होता. त्याने आपण होऊन सोडलेला फरक, म्हणून तो पळवताना मुलाचा हात अडला. घिसाडी अठराला तयार झाला कारण संध्याकाळच्या पिठाची सोय व्हायची होती आणि दोन दिवसांनी पाल उठणार होतं. त्याला "नाही" म्हणता येत नव्हतं. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या तोंडून निघालेली किंमत त्याची नसतेच. ती आपण त्याच्या तोंडून वदवून घेतलेली असते.

वस्तूला योग्य किंमत नावाचं काही असतं का, हा प्रश्न विद्वानांना सोडवू दे. मला इतकंच कळतं की किंमत ठरवताना समोरचा नाही म्हणू शकतो का, हे बघायला पैसे पडत नाहीत. आणि आपण नेमकं उलटं वागतो. जो नाही म्हणू शकतो त्याच्यापुढे आपण विचारून हात लावतो, फोटो विचारून काढतो, किमतीला हूं की चूं करत नाही आणि त्याला कलावंत म्हणतो. जो म्हणू शकत नाही त्याचं पातं आपण खाली टाकतो. शिवाय भाषेत त्याची आठवण ठेवतो ती कशी, तर "घिसाडघाई" या शब्दात. पस्तीस वर्षं टिकणारं पातं देणाऱ्याचं नाव उरकून टाकलेल्या कामात!

दारातल्या त्या माणसाला नाही म्हणणं मुलाला जड गेलं, आणि मला त्याचा अभिमान वाटतो, आता वाटतो. पण ती चांगुलपणाची सोपी बाजू होती. तिथे सगळेच एकमेकांशी चांगले वागत होते. ते तसे वागत होते कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना नाही म्हणण्याची सोय होती.

त्या वर्षी खंडेनवमीला मी विळी धुऊन पाटावर ठेवली आणि मुलाला म्हटलं, तुझी सुरीही आण. त्याने आणली. अजून एकदाही वापरलेली नव्हती. म्हणाला, हात धजत नाही. दोन्हींना हळदकुंकू लावलं. एकाला रांग होती, एकाला घासाघीस. पाटावर दोन्ही सारखीच दिसत होती.

तर दहावी ओळ. महिनाभराने ती अशी झाली आहे: "टेबलावरची किंमत चढी वाटली तर रविवारी दुपारी, एकदाच, नम्रपणे विचारून बघावं. नाही म्हणाले तर आभार मानून पुढे जावं. तिथे सगळ्यांना नाही म्हणता येतं, म्हणून विचारायला हरकत नाही. परत गेल्यावर पुण्याबाहेर रस्त्याच्या कडेला भाता आणि ऐरण दिसली, तर तिथे मात्र सांगतील ती किंमत द्यावी. आणि पातं उचलण्याआधी विचारावं."

आज संध्याकाळी पाठवीन म्हणते.